दुखत नव्हतं म्हणून

सकाळचे साडेआठ. मे महिना. विदर्भातल्या एका शहरातलं सरकारी दंत रुग्णालय. केसपेपरची खिडकी अजून उघडलेली नाही, पण रांग पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेली आहे. ऊन आत्ताच अंगाला चटके देतंय. रांगेतल्या बहुतेकांची तोंडं दुपट्ट्यांनी बांधलेली. इकडे उन्हाळ्यात असंच फिरतात, डोकं-कान-गाल गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून. त्यामुळे कुणाचा दुपट्टा उन्हासाठी आणि कुणाचा सुजलेल्या गालासाठी, हे कळायला मार्ग नाही. खिडकीशी पोचल्यावर नाव सांगायला दुपट्टा खाली ओढावा लागतो, तेव्हा गाल दिसतो.

रस्त्यापलीकडे पानठेला उघडलाय. सुपारीचा भुगा, तंबाखू, चुना एका पन्नीत घालून ठेल्यावरचा पोरगा ती फळीवर घासतोय. घस्सऽ घस्सऽ असा आवाज रांगेपर्यंत येतो. खर्रा घोटला जातोय. रांगेतला एक माणूस आपली जागा मागच्याला सांभाळायला सांगतो आणि रस्ता ओलांडतो.

नऊ वाजता खिडकी उघडते. नाव, वय, गाव, काय होतंय. कारकुनाला शेवटच्या प्रश्नाचं एकच उत्तर मिळत राहतं. दात दुखतो. दाढ दुखते. दात दुखतो. बोट गालावर, हनुवटीवर, कधी कानापाशी. उत्तर एकच असलं तरी या माणसांना इथून पुढे वेगवेगळ्या दारांत जायचंय. ती वाटणी पहिल्याच खोलीत होते.

ही निदानाची खोली. दहा-बारा खुर्च्या, प्रत्येकीपाशी एक इंटर्न, हातात आरसा आणि टोकदार सळई. वरचे पंखे जुने, आवाज जास्त आणि वारा कमी. पोरंपोरी बावीस-तेवीस वर्षांची. प्रश्न विचारायची त्यांची एक लय बसून गेलेली आहे. गरम-थंड लागतं का? रात्री झोपमोड होते? सूज आली होती? मग आवाज जरा बदलतो, सावकाश होतो. तोंड पूर्ण उघडतं का? ओठ किंवा गाल बधिर वाटतो? तोंडात कुठे जखम, चट्टा? किती दिवसांपासून?

कीड लागली, दात सुळसुळतो, तर भरायच्या खोलीत. कीड नसेपर्यंत गेली, रात्रभर ठणका, तर रूट कॅनॉलकडे. हिरड्यांतून रक्त, दात लांब दिसायला लागले, तर हिरड्यांच्या विभागात. दात दुखणाऱ्या बहुतेकांना शस्त्रक्रिया लागतच नाही. मुख व जबडा शल्यचिकित्सा असं ज्या दारावर लिहिलंय, ते दार या मजल्यावर नाही. तिथे जाणाऱ्याच्या केसपेपरवर इंटर्न दोनच अक्षरं लिहिते, ओएस, म्हणजे ओरल सर्जरी, आणि जिन्याकडे बोट दाखवते.

मी त्या जिन्याने वर जाते.

वरचा कॉरिडॉर लांब आहे. दोन्ही बाजूंना लोखंडी बाक, सगळे भरलेले. जागा न मिळालेले भिंतीला टेकून जमिनीवर बसलेत. निर्जंतुक द्रावणाचा उग्र वास, त्यात कुठून तरी लवंगेच्या तेलाचा. आतून यंत्राची बारीक शीळ येते, थांबते, परत येते. ती आली की बाकावरचे सगळे एकदम गप्प होतात.

पहिल्या बाकावर एक कॉलेजातली मुलगी आणि तिची आई. मुलीचा डावा गाल जबड्याच्या कोपऱ्यापाशी फुगलाय. तिला तोंड जेमतेम दोन बोटं उघडता येतंय. आई सांगते की परीक्षेच्या आधी असंच झालं होतं, गोळ्यांनी बसलं. दिवाळीतही झालं होतं, तेव्हाही बसलं. आता परत.

आत बोलावणं येतं. पडद्यावर तिच्या जबड्याचा एक्स-रे लागतो. याला इथे सगळे ओपीजी म्हणतात. दोन्ही जबडे, सगळे दात एका लांब पट्टीवर. खालच्या डाव्या टोकाला अक्कलदाढ उभी नाहीच, पुढच्या दाढेच्या पाठीत डोकं खुपसून आडवी पडली आहे. तिच्या मुळांखालून एक करडी वाट जबड्याच्या आतून पुढे हनुवटीकडे जाते. पीजी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉक्टर, तिशीही न गाठलेली, पेनाचं टोक त्या वाटेवर फिरवते.

"ही नस. खालच्या ओठाला संवेदना देणारी. दाढेची मुळं हिच्या किती जवळ आहेत ते बघून मग काढायची. म्हणून ही दाढ साध्या दवाखान्यात ओढून काढायची नसते."

आई विचारते, "उजवीकडलीबी आडवीच हाय का? दोन्ही काढून टाका एकदाच."

उजवीकडची सरळ आली आहे. तिला जागाही पुरली आहे. डॉक्टर ती काढायला नकार देते. अक्कलदाढ साधारण 17 ते 25 या वयात येते, आणि नीट आली, घासता आली, तर ती ठेवायची. वारंवार सुजणारी, पुढच्या दाढेला कीड लावणारी, जबड्यात अडकून भोवती पाण्याची गाठ धरणारी, ती काढायची. डावी काढायची आहे, पण आज नाही. आधी हिरडीच्या झाकणाखालचा पू धुवायचा, औषधं, सूज उतरू द्यायची, तोंड उघडू द्यायचं. आठवड्याने तारीख. मुलीच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव येतो. आईच्या नाही. तिला ठाऊक आहे की सूज बसली की ही पोरगी यायची नाही. डॉक्टरलाही ते ठाऊक असावं, कारण ती तारीख आईच्या हातावर ठेवते.

कॉरिडॉरच्या मधोमध एक म्हातारे बाबा भिंत धरून उभे आहेत. घाम फुटलाय. रुग्णालयातली मदतनीस मावशी त्यांना बसवते, पाणी देते.

"जेवून आले का, बाबा?"

"नाई. आप्रेशन हाय म्हून काल रात्रीपासून काईच खाल्लं नाई."

हे इथे रोज घडतं. पूर्ण भूल असेल तरच उपाशी राहायचं. नुसत्या हिरडीतल्या इंजेक्शनवर दात काढायचा असेल तर खाऊन यायचं, नाहीतर खुर्चीतच भोवळ येते. मावशी आपल्या पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढते. बाबांच्या पेपरवर डॉक्टर रक्तदाब लिहिते, साखर लिहिते. मग औषधांची पिशवी मागते. पिशवीत छातीच्या डॉक्टरांनी दिलेली, रक्त पातळ ठेवणारी गोळी आहे. बाबांनी ती परवापासून बंद केली आहे. दात काढताना रक्त थांबलं नाही तर, म्हणून. कुणी सांगितलं? कुणीच नाही, आपल्याच मनानं.

डॉक्टर पेन खाली ठेवते. "बाबा, दाढेचं रक्त आम्ही टाके घालून थांबवू शकतो. तुमच्या हृदयातली नळी बंद झाली तर मला इथून काही करता येणार नाही. ही गोळी ज्यांनी दिली त्यांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही." त्या डॉक्टरांना द्यायची चिठ्ठी ती तिथेच लिहायला घेते.

चिठ्ठी घेऊन बाबा उठतात आणि जाता जाता मनातला प्रश्न विचारतात. वरची दाढ हाय. काढल्यावर डोळे तर जाणार नाई? या प्रश्नाला इथे कुणी हसत नाही. दाताची नस वेगळी, नजरेची नस वेगळी. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी दाताची पाचवी, नजरेची दुसरी. दोघींचा एकमेकींशी व्यवहार नाही. डॉक्टर हे बोटांवर मोजून दाखवते. एवढ्या एका धास्तीपायी लोक सडलेली मुळं वर्षानुवर्षं तोंडात ठेवतात.

साडेदहा. जिन्यावर गलका होतो.

तिघे जण एका माणसाला धरून वर आणतात. चाळिशीचा, शेतावरचा पोशाख. हनुवटीखाली दोन्ही बाजूंना गळा फुगून लाल-तांबूस झालाय, कातडी ताणून चकाकते आहे. तोंड अर्धवट उघडं, जीभ वर उचलली गेलेली, लाळ गळतेय. ती त्याला गिळता येत नाही. त्याला आडवं करायला जातात तर तो जोराने मान हलवतो, बसूनच राहतो, पुढे वाकून. त्याचा भाऊ सांगतो, चार दिवसांपूर्वी खालची दाढ दुखत होती. सूज आली म्हणून गरम विटेनं शेकलं. काल रात्रीपासून आवाज बदलला.

बाकं आपोआप सरकतात. आतला वरिष्ठ सर्जन हातमोजे न काढताच बाहेर येतो, एकदा गळा दाबून बघतो. लाकडासारखा घट्ट. एकदा जीभ बघतो आणि मागे वळून दोनच वाक्यं बोलतो. ऑक्सिजन लावा. मेडिकल कॉलेजला फोन करा, भूलतज्ज्ञ तयार ठेवा म्हणावं. दाढेचा पू जिभेखालच्या आणि हनुवटीखालच्या जागांमध्ये दोन्ही बाजूंना पसरलाय. 1836 साली एका जर्मन डॉक्टराने या दुखण्याचं वर्णन केलं, आजही ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं. प्रतिजैविकं नव्हती तेव्हा यातून वाचणारे थोडे. आजही माणूस दगावतो तो बहुधा श्वास कोंडूनच. चाकाची खुर्ची येते. एक पीजी सोबत पळत जातो.

दोन-तीन मिनिटांत सगळं पार पडतं. कॉरिडॉर पुन्हा भरतो. पण बाकांवरची माणसं आता आपापला गळा चाचपून बघताहेत.

एक बाई हळूच मावशीला विचारते, शेकायचं नाही का? बाहेरून गरम शेक द्यायचा नाही, मावशी म्हणते. पू बाहेरच्या अंगाला ओढला जातो. मावशीला इथे पुष्कळ वर्षं झाली आहेत आणि डॉक्टर पोरं दर तीन वर्षांनी बदलतात. ती पुढचं स्वतःच सांगून टाकते, बाकभर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. दाताच्या सुजेबरोबर ताप आला, गिळवेना, तोंड उघडेना, आवाज बदलला, सूज डोळ्याकडे नाहीतर गळ्याकडे सरकली, तर नंबरासाठी थांबायचं नाही. रात्र असली तरी निघायचं.

यंत्राची शीळ पुन्हा सुरू होते.

खिडकीजवळ एक पोरगा बसलाय, डोक्यावरून हनुवटीखाली पट्टी. मोटरसायकल, हेल्मेट नाही, समोरून रानडुक्कर. अपघाताला पाच दिवस झाले. तालुक्याच्या दवाखान्यात हनुवटीला टाके पडले आणि तो घरी गेला. डॉक्टर त्याला डोक्याला काय लागलं होतं ते आधी विचारते. मग म्हणते, दात आवळ. पूर्वीसारखे जुळतात?

तो आवळतो. उजवीकडे टेकतात, डावीकडे फट राहते.

"नाई जुळत. मले वाटलं सुजीनं असंन."

खालचा ओठ? तो बोट लावून बघतो. अर्धा लागतो, अर्धा लागत नाही. एवढ्यावर डॉक्टरला जवळजवळ कळलेलं असतं, एक्स-रे ते नक्की करतो. पूर्वी दोन्ही जबडे तारेने बांधून चार-सहा आठवडे नळीने नाहीतर फटीतून पातळ खायला घालायचे. आता बहुतेक ठिकाणी टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या आणि स्क्रू. नखाएवढ्या पट्ट्या. सर्जन त्यातली एक पोराच्या तळहातावर ठेवतो. पोरगा ती उलटीपालटी करून बघतो आणि जपून परत देतो.

त्याच्या शेजारच्या मुलाला तर पट्टीही नाही. दहा-अकरा वर्षांचा, अंगाने किरकोळ, हनुवटी आत गेलेली. हातात पोह्यांचा डबा. खाताना बघितल्यावर ध्यानात येतं की तो तोंड उघडतच नाही. पोह्याचे दाणे समोरच्या दातांच्या फटीतून बोटाने आत ढकलतो. एकेक. शेंगदाणा आला की बाजूला काढून बापाच्या हातावर ठेवतो. बाप तो खातो. दोघांनाही याची इतकी सवय आहे की त्यात काही वेगळं आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नाही.

तीन वर्षांचा असताना तो ओट्यावरून हनुवटीवर पडला. हनुवटी फुटली, टाके घातले, भरली. कुणी कानापुढे बोट लावून बघितलं नाही. हनुवटीवर बसलेला मार जबड्यातून वर चढतो आणि कानापुढच्या सांध्यात फुटतो. लहान वयात तिथे रक्त साकळून हाड धरलं की सांधाच उरत नाही, जबडा कवटीला चिकटतो. वाढही तिथूनच होत असते, म्हणून हनुवटी मागे राहते. त्याचं तोंड एकदम मिटलं नाही, दरवर्षी थोडं थोडं मिटत गेलं. दुखलं कधीच नाही. बाप म्हणतो, "रडलाच नाई कधी, तर काऊन आणू?"

त्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. तोंडच उघडत नाही, म्हणून भुलीची नळी नाकातून, कॅमेऱ्याच्या मदतीने घालावी लागेल. चिकटलेलं हाड कापून सांध्याजागी फट करतील. आणि त्यानंतर महिनोन्‌महिने रोज तोंड उघडायचा व्यायाम, दुखलं तरी. डॉक्टर बापाला लाकडी चमचे एकावर एक रचून दाखवते. एक चमचा, मग दोन, मग तीन. व्यायाम सोडला तर हाड परत धरतं. पोरगा चमचे मोजतो.

अकरा वाजून गेलेत. बाहेर रस्ता पांढरा पडलाय. कूलरमधलं पाणी संपलं, शिपाई मामा बादली घेऊन येतो.

कोपऱ्यातली एक बाई मघापासून पदराची कड गालापासून दूर धरून बसली आहे. पंख्याचा वारा लागू नये म्हणून पाठ फिरवून. मधेच ती गोठते, डोळे घट्ट मिटतात, काही क्षण, आणि सुटतात. चेहरा धुताना, दात घासताना, वारा लागला की गालात करंट बसतो असं ती सांगते. तिचे उजवे तीन दात दुसरीकडे कुठे कुठे काढून झालेत. करंट तिथेच आहे. चौथा काढून घ्यायला ती इथे आली आहे. पीजी आरशाने, ठोकून, थंड लावून एकेक दात तपासते. दात चांगले आहेत. दुखणं दाताचं नाही, चेहऱ्याच्या नसेचं आहे. त्याची गोळी वेगळी, तपासणी वेगळी. बाई विनवते, काढून टाका जी, मी सही देते. सर्जनच्या खोलीतून ती दात न काढता, एमआरआयची चिठ्ठी आणि गोळ्या घेऊन बाहेर पडते. मला ही भेट आजच्या सगळ्या शस्त्रक्रियांइतकीच मोलाची वाटते.

तिच्यानंतर एक गृहस्थ आत जातात. पांढरा सदरा, हातात जुनी फाईल. बोलताना आवाज स्वच्छ. खुर्चीत बसल्यावर ते तोंडातून एक गुलाबी प्लेट काढतात, तिला दात लावलेले, मागे फुगीर गोळा. प्लेट निघते आणि पुढचं वाक्य सगळं नाकातून येतं, शब्द ओळखू येत नाहीत. टाळूच्या उजव्या अंगाला पोकळी आहे, दिवा लावला की थेट आत वरपर्यंत दिसतं. 2021 चा उन्हाळा, करोनाची दुसरी लाट, त्यामागून आलेली काळी बुरशी. त्यांची साखर वाढलेली होती. त्यात करोनासाठी स्टिरॉइड दिलेलं. वरचे चांगले घट्ट दात एकाएकी हलायला लागले. गाल बधिर. ते आठव्याच दिवशी आले, म्हणून जबड्यावर भागलं, डोळा राहिला. मावशी म्हणते, तेव्हा या कॉरिडॉरात उभं राहायला जागा नव्हती. प्लेट सैल झाली आहे, नवं माप द्यायचंय. ते प्लेट परत बसवतात, आवाज परत येतो, आणि पहिलं वाक्य मावशीसाठी असतं: पोरीचं लग्न ठरलं का?

शेवटच्या खोलीत गर्दी सगळ्यात जास्त आणि आवाज सगळ्यात कमी. इथे बहुतेक पुरुष. वीस, पंचवीस, तीस वर्षांचे. चांगले धट्टेकट्टे. दुखतं कुणाचंच नाही. तक्रार काय, तर तिखट सहन होत नाही. पाणीपुरी तोंडात मावत नाही. एकाची बायको म्हणते, हे घास लहान करून खातात.

डॉक्टर मोजपट्टी लावते. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर. मोठ्या माणसाचं तोंड साधारण 35 ते 50 मिलिमीटर उघडतं. सोपं माप म्हणजे स्वतःची तीन बोटं, एकावर एक उभी, आत गेली पाहिजेत. खुर्चीतल्या मुलाचं येतं 18. आत गाल पांढुरके पडलेत, बोट लावलं की चामड्याच्या दोऱ्या हाताला लागतात. जीभ बाहेर काढ म्हटलं तर ओठापर्यंत येते.

"किती खर्रे?"

"आता कमी केला. चार-पाच."

"त्यात सुपारी असते?"

"सुपारीचाच तर असते. तंबाखू कमीच घालाले सांगतो."

हीच समजूत इथे घोळते. तंबाखू वाईट, सुपारी चालते. तोंड आवळतं ते मुख्यतः सुपारीमुळे. 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने सुपारीला तंबाखूशिवायही, एकटीलाच, कर्करोगकारक ठरवलं. आवळलेल्या काही तोंडांत पुढे कर्करोग होतो, कुणाच्या होईल हे आधी सांगता येत नाही. राज्यात गुटख्यावर बंदी आली 2012 मध्ये. त्यानंतरच्या, 2016-17 च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी 24.4 टक्के जण धूर न काढता तंबाखू वापरत होते, जवळपास चारांत एक. या खोलीत तो आकडा बाकावर बसलेला दिसतो. व्यायाम, गोळ्या, गालात इंजेक्शनं, आणि अगदीच आवळलं तर चट्टे कापून तिथे दुसरीकडचं मांस बसवायचं, एवढं सर्जनकडे आहे. गाल पूर्वीसारखे मऊ करून द्यायचं औषध नाही. म्हणून डॉक्टर 18 वाल्याशी बोलते त्यापेक्षा जास्त वेळ पुढच्या, 30 वाल्याशी बोलते.

सव्वाबारा. एक साठीची काकू आत येते, नऊवारी, हातात कापडी पिशवी. सोबत पुतण्या. गडचिरोलीकडून रात्रीच्या बसने आलेत. काकू गुडाखू, म्हणजे तंबाखूची पेस्ट, घासते, लग्न झाल्यापासून, सकाळी आणि जेवल्यावर. जिभेच्या कडेला एक जखम आहे. रुपयाएवढी. कड उचललेली, मध्ये खड्डा. समोरची दाढ तुटून धारदार झाली आहे, तिच्यामुळे होतंय असं घरच्यांना वाटत होतं.

"किती दिवस झाले, काकू?"

"संक्रांतीच्या आधी होतं."

डॉक्टरचं बोट त्या जखमेभोवती फिरतं, हलकेच दाबतं. जखम मऊ नाही. मग जबड्याखाली, मानेवर. तोंडातली साधी जखम कारण काढून टाकलं की दोन आठवड्यांत भरते. न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, कारणाशिवाय एकच हलणारा दात, दात काढल्यावर न भरणारा खड्डा, मानेत न दुखणारी गाठ. या खोलीच्या भिंतीवर अशा चित्रांचा एक तक्ता लावलेला आहे. उन्हाने त्याचे रंग उडालेत, पण समोर बसल्यावर तो दिसतोच. काकू त्याकडे बघत नाही.

"येवढे दिवस काऊन नाई आल्या?"

"दुखत नव्हतं नं, बाई."

तुकडा काढून तपासायला पाठवायचा आहे. पुतण्या एकदम पुढे होतो. गावात सांगितलंय की सुई-लोखंड लागलं की पसरते. डॉक्टर त्याला बाहेर पाठवत नाही, उलट जवळ स्टूल देते. छोटा तुकडा काढल्याने पसरत नाही. पसरतं ते वाट बघत बसल्याने. तुकडा तपासल्याशिवाय काय आहे ते कळणार नाही, आणि कळल्याशिवाय किती काढायचं ते ठरणार नाही. लवकर सापडलं तर बहुतेक जीभ राहते, खाता-बोलता येतं. "मी आत्ता तुम्हाला काही सांगत नाही," ती म्हणते. "पण रिपोर्टच्या दिवशी तुम्ही यायलाच पाहिजे. फोन नंबर दोन द्या." पुतण्या एक देतो. दुसरा काकू स्वतः सांगते, पाठ आहे, लेकीचा.

इंजेक्शन. जीभ जड झाली का? मान हलते. चिमटा, पातं, काळा धागा. पाच-सात मिनिटं. तुकडा तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, बाटलीतल्या द्रावणात बुडतो. बाटलीवर नाव, वय, तारीख. काकू कापूस दाबून बसते. बोलायचं नाही, थुंकायचं नाही, आज गरम नाही, गुडाखू तर नाहीच. मावशी तिच्या पिशवीतली निळी डबी मागून घेते. काकू देते.

पावणेएक. खाली खिडकी बंद व्हायची वेळ. कॉरिडॉरमधले बाक रिकामे होत चाललेत. डॉक्टर केसपेपर भरता भरता मान वर करते. तिची नजर पुतण्यावर थांबते. तो उठून उभा आहे, बस किती वाजता ते विचारतोय, आणि बोलताना त्याचे ओठ फारसे हलत नाहीत.

"तुम्ही बसा खुर्चीत."

"मी कायले? मी तिच्यासंगं आलो."

"तीन बोटं तोंडात घाला."

तो हसतो, घालतो. दोन जातात. तिसरं दातांशी अडतं. तो दोनदा, तीनदा प्रयत्न करतो. मामा न सांगताच खाली पळतो, खिडकीवर एक केसपेपर राखून ठेवायला. मोजपट्टी लागते. 26.

"किती वर्षं खाता?" डॉक्टर विचारते.

तो उत्तर शोधतो. काकूला बोलायची मनाई आहे. ती कापूस दाताखाली तसाच धरून एक हात वर करते, पाचही बोटं पसरते, मग दुसऱ्या हाताची तीन. "वर्षं आठ?" काकू मान हलवते. नाही. पिशवीकडे, मग खर्ऱ्याची पन्नी घोटल्यासारखा हात करून दाखवते.

"दिवसाचे आठ?"

काकू मान डोलावते. पुतण्या खुर्चीत बसतो, आणि डॉक्टर नवीन पेपरवर ते लिहून घेते.